विमानतळ असा वाचायचा

मुंबईत सहारच्या विमानतळावर कुणाला सोडायला गेलं की गाडी उन्नत मार्गावरून चढत थेट चौथ्या मजल्याशी जाऊन थांबते. महिन्याभरानं त्याच माणसाला आणायला जावं, तर थांबायची जागा खाली. वर कितीही वेळ उभं राहिलं तरी तो दिसायचा नाही. दारातून आत गेलेल्या प्रवाशाला गाडीत राहिलेली औषधांची पिशवी आठवली, तर पुन्हा बाहेर येण्यासाठी दारावरच्या जवानाला विनवावं लागतं. आत बॅग एका वाटेनं जाते आणि आपण दुसऱ्या. एक रांग संपली म्हणून हुश्श करावं, तोवर पुढची रांग समोर उभी. मुलीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच एकट्या अमेरिकेला निघालेल्या आईला हे सगळं आपल्याला गोंधळात पाडायलाच रचलंय असं वाटलं, तर तिला दोष देता येणार नाही.

प्रत्यक्षात ही इमारत फार विचारपूर्वक बांधलेली असते आणि तिच्यामागचा मुख्य नियम एकच आहे. तो एकदा कळला की पुढच्या वळणावर काय असणार, याचा अंदाज पाटी दिसण्याआधीच बांधता येतो. वाटा पाठ करण्यापेक्षा तो नियम समजून घेणं जास्त उपयोगाचं.

उकळलेलं आणि न उकळलेलं

पावसाळ्यात घरोघरी पिण्याचं पाणी उकळून हंड्यात भरून ठेवतात. त्या हंड्यात कुणी नळाच्या पाण्याचं भांडं बुडवलं, तर तेवढंच पाणी वेगळं काढता येत नाही. सगळा हंडा पुन्हा उकळावा लागतो. विमानतळावर सुरक्षा तपासणी झालेले प्रवासी म्हणजे या हंड्यातलं पाणी. त्यांच्यात तपासणी न झालेला एक जरी माणूस मिसळला, तरी सगळ्यांनाच पुन्हा तपासावं लागतं. त्यानं काय आणलं, कुठे ठेवलं, कुणाच्या हाती दिलं, हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही.

हे खरोखर घडतं. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळावर एका तरुणाला आपल्या मैत्रिणीचा निरोप घ्यायचा होता. प्रवासी ज्या वाटेनं बाहेर पडतात, तिथली दोरी ओलांडून तो आत शिरला. एवढ्याशा गोष्टीपायी ते टर्मिनल काही तास बंद ठेवावं लागलं आणि आतल्या हजारो प्रवाशांना बाहेर काढून नव्यानं तपासावं लागलं.

टर्मिनलच्या भिंती, मजले, काचेची दारं, एकाच दिशेनं जाणारे जिने हे सगळं असं मिसळणं टाळण्यासाठी आहे. इमारतीचे दोन भाग असतात: शहराकडची बाजू आणि विमानाकडची बाजू. त्यांच्यामध्ये सुरक्षा तपासणीची रेघ. जाणारे वरच्या मजल्यावरून आत येतात, येणारे खालच्या मजल्यावरून बाहेर पडतात, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही. परदेशातून उतरलेल्या माणसाची तपासणी दुसऱ्या देशात, दुसऱ्यांच्या पद्धतीनं झालेली असते, म्हणून आपल्याकडे त्याला ‘न तपासलेला’ धरतात. विमानातून बाहेर पडल्यावर काचेपलीकडे निघालेले प्रवासी दिसतात, पण त्यांच्यात जाता येत नाही, ते यामुळेच.

आधी विमानतळ कुठला, ते पाहा

मुंबईत हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची दोन टर्मिनलं आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, तर टर्मिनल २ अंधेरी पूर्वेला, सहारला. दोन्हींच्या धावपट्ट्या त्याच, पण आतून एकातून दुसऱ्यात चालत जायची सोय नाही. रस्त्यानं फिरून जावं लागतं आणि त्या रस्त्यावरची गर्दी कुणाच्या विमानासाठी थांबत नाही. परदेशी जाणारी विमानं टर्मिनल २ मधून सुटतात. देशांतर्गत विमानं मात्र दोन्हीकडून सुटतात आणि एकाच कंपनीची काही विमानं इकडून, काही तिकडून असंही होतं. ‘मागच्या वेळी इथूनच गेलो होतो’ या भरवशावर टॅक्सीवाल्याला पत्ता सांगू नये. तिकिटावर टी-१ की टी-२, ते प्रत्येक वेळी वाचावं.

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. त्याचा तीन अक्षरी कोड एनएमआय, जुन्या विमानतळाचा बीओएम. गोव्याला जाणाऱ्यांना हे नवं नाही. तिथे दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. मोपा उत्तरेच्या टोकाला, पेडणे तालुक्यात आहे. मडगावला उतरायचं असलेल्या माणसानं मोपाचं तिकीट काढलं, तर जवळजवळ अख्खा गोवा ओलांडावा लागतो.

मुंबईत चुकीच्या टर्मिनलला पोचलात तर अजून एक उपाय आहे. भुयारी मेट्रोचं टी-१ चं स्थानक आणि टी-२ चं स्थानक यांच्यामध्ये फक्त सहार रोड हे एक स्थानक येतं. हाती बऱ्यापैकी वेळ आणि बेताचं सामान असेल, तर रस्त्यावर अडकण्यापेक्षा हे बरं.

दारापासून तपासणीपर्यंत

जगात बऱ्याच विमानतळांवर टर्मिनलच्या दारात कुणी अडवत नाही. आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ विमान पळवून कंदाहारला नेण्यात आलं. त्यानंतर २००० पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे, एकेका विमानतळाची सुरक्षा सोपवण्यात आली. दारावर उभा असलेला जवान याच दलाचा असतो. सोडायला आलेल्यांना बाहेर ठेवलं की आतली गर्दी कमी होते आणि नजर ठेवणं सोपं जातं.

दारावर आता डिजियात्राचीही रांग दिसते. ही सोय डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचं तत्त्व साधं आहे: फोनमधल्या अॅपमध्ये आधार आणि स्वतःचा फोटो जोडायचा, प्रवासाआधी बोर्डिंग पास त्यात भरायचा, मग दारावरचा कॅमेरा चेहरा ओळखून फाटक उघडतो. तो फक्त ‘हा माणूस आणि हे तिकीट एकाचंच आहे’ एवढं ठरवतो. सुरक्षा तपासणी त्यानं टळत नाही. नको असेल त्यांनी नेहमीच्या रांगेत कागद दाखवावा, सक्ती नाही.

आत शिरल्यावर बॅग द्यायची असेल तर चेक-इन काउंटर. नसेल आणि बोर्डिंग पास फोनवर असेल, तर सरळ तपासणीकडे. परदेशी जाणाऱ्यांना मध्ये इमिग्रेशन लागतं. तिथे पासपोर्टावर शिक्का बसला की कायद्याच्या दृष्टीनं आपण देशाबाहेर पडलेले असतो, पाय मुंबईतच असले तरी.

सुरक्षा तपासणीच्या यंत्राबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो आणि तो वाचवणं बरंचसं आपल्या हातात असतं. क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर बॅगेतल्या वस्तू रंगांत दिसतात. धातू निळसर, खाण्याचे पदार्थ, कापड, कागद, प्लास्टिक असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी, आणि मधले किंवा मिसळलेले हिरवे. पुतण्यासाठी नेलेला स्टीलचा डबा निळा दिसतो आणि त्यातले बेसनाचे लाडू नारिंगी. अडचण अशी की बरीच स्फोटकंही सेंद्रिय आणि घट्टच असतात. त्यामुळे लाडवांचा डबा, तुपाची बरणी, दाबून भरलेलं पुरण पाहिलं की पडद्यासमोर बसलेल्या जवानाला बॅग उघडून पाहावीच लागते. त्याचा संशय आपल्यावर नसतो, त्या नारिंगी गठ्ठ्यावर असतो.

लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात तेही असंच. त्याची बॅटरी आणि धातूचे भाग इतके दाट असतात की खालची-वरची वस्तू झाकून टाकतात. चार्जर, पॉवर बँक, कॅमेरा, नाण्यांचा बटवा हे सगळं एका कप्प्यात कोंबलं तर पडद्यावर नुसता काळा ढीग दिसतो. तेच ट्रेमध्ये सुटं पसरून ठेवलं तर बॅग पहिल्याच फेरीत पुढे जाते. रांगेत असतानाच पट्टा, घड्याळ, फोन काढून हातातल्या बॅगेत टाकून ठेवणारा माणूस मागच्या दहा जणांचा वेळ वाचवतो.

बॅगेची वाट

काउंटरवर दिलेली बॅग सरकत्या पट्ट्यावरून पडद्याआड जाते, त्यानंतरचा तिचा प्रवास आपल्यापेक्षा लांब असतो. तिच्या मुठीला लावलेला कागदी टॅग नीट पाहा. त्यावर मोठ्या अक्षरांत पोचायच्या विमानतळाचा कोड असतो, आणि बारकोडखाली दहा आकडी क्रमांक. पहिल्या अंकानंतरचे तीन आकडे विमान कंपनीचे: इंडिगोचे ३१२, एअर इंडियाचे ०९८. उरलेले सहा त्या बॅगेचे. आतमध्ये पट्ट्यांच्या जाळ्यात ठिकठिकाणी लेसरचे झोत हा बारकोड वाचतात आणि बॅगेला तिच्या विमानाच्या फाट्याकडे वळवतात. मागच्या प्रवासाचा टॅग किंवा त्याची चिकटपट्टी बॅगेवर राहिली असेल, तर यंत्र जुना बारकोड वाचू शकतं. घरून निघतानाच जुने कागद सोलून काढावेत. काउंटरवरून हलण्याआधी नव्या टॅगवरची तीन अक्षरं एकदा स्वतः वाचावीत; नागपूरला निघालेल्याच्या टॅगवर एनएजी हवं.

पडद्याआड प्रत्येक बॅगेची क्ष-किरण तपासणी होते. शंका आली की ती बाजूला काढून आणखी बारकाईनं पाहतात, आणि गरज पडली तर तिच्या मालकाला बोलावतात. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. विमानाच्या पोटात त्यातली एखादी पेटली तर तिथे विझवायला हात पोचत नाही. माणसांच्या केबिनमध्ये पोचतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही त्या बॅगेत घालू नयेत. त्यात तेलाचं प्रमाण इतकं असतं की ते आपसूक तापून पेट घेऊ शकतं, आणि मालवाहतुकीच्या नियमांत त्याची गणना ज्वालाग्राही पदार्थांतच होते. मुलाकडे निघालेल्या आयांच्या बॅगांतून ही वाटी हमखास निघते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

बॅगेबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा नियम एका भीषण घटनेतून पक्का झाला. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर असताना स्फोटानं उद्ध्वस्त झालं आणि त्यातली सर्व ३२९ माणसं मरण पावली. बॉम्ब असलेली बॅग कॅनडात व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती. ती देणारा माणूस मात्र विमानात बसलाच नव्हता. बॅग आहे आणि तिचा माणूस नाही, अशा स्थितीत विमान सोडायचं नाही, ही शिस्त त्यानंतर जगभर कडक झाली. म्हणून काउंटरवर बॅग देऊन कुणी दुकानात रमला आणि गेटवर आलाच नाही, तर कर्मचारी विमानाच्या पोटातून शेकडो बॅगांतली त्याची एक बॅग शोधून खाली उतरवतात. तोवर आत बसलेले सगळे थांबून राहतात. शेवटच्या हाकेला लोक वैतागतात, पण त्या हाकेमागे ३२९ माणसं आहेत.

काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी का बंद होतो, याचं उत्तरही यातच आहे. बॅगेला तपासणी, वर्गवारी, गाडा, आणि मग विमानापर्यंतचं अंतर एवढं सगळं उरकायचं असतं.

गेट का बदलतं?

टर्मिनल २ ची नवी इमारत फेब्रुवारी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानांसाठी सुरू झाली. स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकी वास्तुरचनाकार संस्थेनं तिचा आराखडा केला. वरून पाहिलं तर इमारतीचा आकार फुलीसारखा आहे. मध्यभागी चेक-इन आणि तपासण्या, आणि तिथून निघणाऱ्या लांबलचक बाहूंच्या कडेनं गेटं. अशा रचनेत तपासणी एका ठिकाणी एकवटता येते. त्याची किंमत म्हणजे तपासणीनंतरची चाल. टोकाच्या गेटला पोचायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात आणि वाटेत दुकानं असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच न करता तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागावी. ऐन वेळी मागितली तर मिळायला उशीर होतो.

गेटांपैकी काहींची योजना अशी आहे की आतली दारं बंद-उघड करून तीच जागा कधी देशांतर्गत, कधी आंतरराष्ट्रीय विमानांसाठी वापरता येते. मुंबईहून परदेशी जाणाऱ्या विमानांची गर्दी मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत, तर देशातल्या विमानांची सकाळ-संध्याकाळ. एकच जागा दोघांना पुरते ती यामुळे.

आता गेट बदलण्याचं कारण. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर करता येतो. त्या एका पट्टीवर गर्दीच्या वेळी तासाला सुमारे ४५ विमानं चढ-उतार करतात, म्हणजे साधारण ८० सेकंदांना एक. एवढ्या दाटीत एखादं विमान २० मिनिटं उशिरा आलं, तर त्याच्यासाठी राखलेली जागा रिकामी ठेवून चालत नाही. तिथे दुसरं लावतात आणि आपल्याला दुसरं गेट मिळतं. कधी पुलाचं गेट जाऊन बसचं येतं, कारण विमान दूर मैदानात उभं केलेलं असतं. बस भरून निघायला वेळ लागतो, म्हणून बसच्या गेटवर जरा आधीच पोचावं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या डागडुजीसाठी काही तास बंद ठेवतात. त्या दिवसाचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं.

एक सवय जुन्या प्रवाशांनी मोडायला हवी. विमानतळांवर पूर्वी प्रत्येक विमानाची घोषणा व्हायची. आता मुंबईसह अनेक ठिकाणी रोजच्या बोर्डिंगच्या घोषणा होत नाहीत. खुर्चीत बसून हाक ऐकायची वाट पाहणारी माणसं त्यामुळे विमान चुकवतात. पडद्यावर दर १०-१५ मिनिटांनी नजर टाकावी आणि बसायचं तर आपल्या गेटच्या समोरच बसावं.

> उलटं मोजा
> विमान सुटण्याची वेळ ही दारं बंद होऊन विमान हलण्याची वेळ असते.
> त्याआधी २०–२५ मिनिटं: गेट बंद.
> सुटण्याच्या वेळेआधी साधारण १ तास: बॅगेचा काउंटर बंद. परदेशी विमानांना काही कंपन्या यापेक्षाही आधी बंद करतात, तिकिटावर पाहा.
> म्हणून देशात जाताना टर्मिनलच्या दारात किमान २ तास आधी, परदेशी जाताना ३ तास आधी. रस्त्यातला वेळ त्यात धरू नका.

परदेशाहून येऊन पुढे जायचं असेल

न्यू यॉर्कहून मुंबईमार्गे नागपूरला जाणाऱ्या माणसाला वाटतं, बॅग तिथेच दिलीय, ती नागपूरलाच भेटेल. सहसा तसं होत नाही. देशात आणलेल्या मालावर कर लावायचा की नाही, हे पहिल्या भारतीय विमानतळावर सीमाशुल्क विभाग पाहतो. त्यामुळे मुंबईत आधी इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅग उचलणं, मग सीमाशुल्काच्या दोन वाटांपैकी एक. सवलतीपेक्षा जास्त किंवा जाहीर करण्याजोगं काही असेल तर लाल, नसेल तर हिरवी. ती ओलांडल्यावर बॅग पुढच्या विमानासाठी पुन्हा काउंटरवर द्यायची आणि स्वतः पुन्हा सुरक्षा तपासणीतून जायचं. पुढचं विमान टी-१ वरून असेल तर टर्मिनलही बदलायचं. हे सगळं दीड तासात बसत नाही. दोन विमानांची वेगवेगळी तिकिटं काढली असतील आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. मध्ये निदान चार तास ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे एका चुकलेल्या विमानात जातात.

इमिग्रेशनच्या रांगेवर एक उतारा आहे. केंद्र सरकारची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन सोय जानेवारी २०२५ पासून मुंबईतही मिळते. भारतीय पासपोर्टधारक आणि परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड असलेले आधी ऑनलाइन अर्ज करून, बोटांचे ठसे आणि फोटो देऊन, नंतर यांत्रिक फाटकातून जाऊ शकतात. वर्षातून दोनदा मुलांकडे जाणाऱ्यांनी तरी ही नोंदणी करून टाकावी.

पट्ट्यावर बॅग आली नाही तर

पट्टा थांबला आणि आपली बॅग दिसली नाही, तर बाहेर पडू नका. त्याच दालनात विमान कंपनीचा सामानाचा काउंटर असतो. तिथे बोर्डिंग पासला चिकटवलेली टॅगची पावती दाखवून तक्रार नोंदवायची आणि तिचा संदर्भ क्रमांक लिहून घ्यायचा. त्या दहा आकड्यांवरून बॅग शेवटची कुठे वाचली गेली, हे यंत्रणेत शोधता येतं. ही नोंद न करता घरी जाऊन फोन केला, तर बॅग हरवल्याचं सिद्ध करायचं काम आपल्यावर येतं. आणि एकदा बाहेर पडलेल्या माणसाला त्या दालनात सहज परतता येत नाही. बॅगेचा फोटो फोनमध्ये असेल तर काम आणखी सोपं. काळी, मध्यम आकाराची, चाकांची, एवढ्या वर्णनाच्या बॅगा एकेका विमानात पन्नास असतात.

बाहेर आल्यावर टॅक्सीच्या पाट्या दिसतातच. सामान बेताचं असेल आणि वेळ मेट्रोची असेल, तर टी-२ च्या भुयारी स्थानकातून एका बाजूला कफ परेड, दुसऱ्या बाजूला आरे. पुढचंच स्थानक मरोळ नाका. तिथे गाडी बदलून घाटकोपर किंवा अंधेरी-वर्सोव्याकडे जाता येतं.